गोळीचे नाक आणि गोळीचे बूड

कागदी लक्ष्यावरील गुण मोजताना दहाच्या कड्याच्या रेषेलगत पडलेल्या छिद्रापाशी नजर थबकते. छिद्राची कड रेषेला नुसती टेकली असली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे ती कड स्वच्छ कापलेली असणे नेमबाजाला फार मोलाचे वाटते. गोल नाकाची शिशाची गोळी कागदातून जाताना कागदाला आधी ताणते, मग फाडते, आणि गोळी पलीकडे गेली की फाटलेले तंतू पुन्हा आत झुकतात. मागे उरते ते गोळीच्या व्यासाहून लहान दिसणारे, काठावर राखाडी ठसा असलेले भोक. उलट पुढून सपाट, दंडगोल आकाराची वॅडकटर गोळी कागदाची चकतीच कापून काढते. पिस्तूल नेमबाजीत आकाराची चर्चा बहुधा इथूनच सुरू होते आणि दुर्दैवाने बहुधा इथेच संपते. मीही कित्येक वर्षे वॅडकटर गोळी तिच्या सपाट नाकामुळेच अचूक असते, असे समजत होतो.

नाकाचे काम कागदावर आहे, हवेत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या चालतात, आणि कागदावरील शंकास्पद छिद्र ९.६५ मिलिमीटरच्याच गेजने, म्हणजे छिद्रात बसवायच्या मापकाने, तपासले जाते. म्हणजे बारीक गोळी वापरणाऱ्याचे गुणांत नुकसान होत नाही. म्हणूनच कमी धक्का देणारे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर काडतूस या प्रकारात इतके रुळले. पण गेज नीट बसायला छिद्र सुबक हवे, फाटक्या भोकात तो डावीकडे सरकतो की उजवीकडे, यावर वाद होऊ शकतो. नाकाचा खरा फायदा तेवढाच आहे. लक्ष्य इलेक्ट्रॉनिक असेल, तर यंत्र गोळीच्या मध्याचे स्थान मोजते आणि छिद्राच्या कडेचा प्रश्नच उरत नाही.

अचूकता ठरते ती बुडाशी. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागे दाबाखाली असलेला वायू तिच्या बुडाच्या कडेने सुटू लागतो. बूड अक्षाशी काटकोनात आणि कड सर्व बाजूंनी सारखी असेल, तर वायू सगळीकडून एकाच वेळी सुटतो. कडेला एका बाजूने चीर किंवा पोचा असेल, तर त्या बाजूने तो निमिषमात्र आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्या झाडून हे तपासले आणि १९०९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांत नाक बिघडवलेल्या गोळ्यांचा नेम फारसा ढळला नाही, परंतु बूड बिघडवलेल्या गोळ्या दूरवर विखुरल्या. नळीच्या तोंडाची कड नेमबाज इतकी जपतात, त्याचे कारणही हेच आहे. गोळी आणि वायू यांची फारकत तिथेच होते.

दुसरी गोष्ट वस्तुमानाच्या समतोलाची. .३८ स्पेशल काडतुसाची १४८ ग्रेनची (सुमारे ९.६ ग्रॅमची) वॅडकटर गोळी सेकंदाला साधारण २२० मीटर वेगाने निघते, असे धरू. नळीतील आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचांचा, एक पूर्ण वेढा १८.७५ इंचांत होत असेल, तर ती गोळी सेकंदाला साडेचारशेहून अधिक वेळा स्वतःभोवती फिरते. आता शिशात कुठे तरी हवेची बारीक पोकळी राहिली आणि गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून केवळ ०.०२ मिलिमीटर बाजूला सरकला, असे माना. नळीत असेतोवर तो मध्य अक्षाभोवती फिरत राहतो. नळी सुटताच तो स्पर्शरेषेत निघतो आणि २५ मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर बाजूला जाते. हा हिशेब मी कागदावर प्रथम मांडला तेव्हा आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून तो तीनदा करून पाहिला. ओतलेल्या गोळीपेक्षा साच्यात दाबून घडवलेली गोळी सहसा का बरी ठरते, हे यावरून कळते: दाबाखाली पोकळ्या मिटतात.

वॅडकटर गोळीचे यश या दोन कसोट्यांवर पारखावे. तिची जवळजवळ सगळी लांबी आट्यांना टेकते, त्यामुळे ती नळीत तिरकी बसण्याची शक्यता कमी होते. तिच्या एका प्रकारात बूड आतून पोकळ असते. वायूच्या दाबाने त्याचा पातळ घेर फुलून आट्यांत घट्ट बसतो आणि नळीच्या मापातील किंचित फरक भरून निघतो. सपाट नाकामुळे हवेचा विरोध मात्र पुष्कळ होतो. तरीही २५ मीटर अंतर ती सुमारे ०.११ सेकंदात कापते आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने जेमतेम सहा सेंटीमीटर खाली येते. हे खाली येणे प्रत्येक वेळी सारखेच असते, म्हणून ते नेम धरण्याच्या दर्शिकेच्या जुळवणीत सामावून जाते. अंतर ५० मीटरपलीकडे गेले की चित्र बदलते: वेग आणखी घटतो, काही नळ्यांत फिरकी अपुरी पडते आणि गोळी डगमगत, आडवी होत कागदावर किल्लीच्या भोकासारखे लांबट छिद्र पाडते.

स्वयंभरण पिस्तुलात सपाट नाक अडखळते, म्हणून खांदा असलेली, पुढे निमुळती सेमी-वॅडकटर गोळी वापरात आली. ही तडजोड मला समंजस वाटते. स्मिथ अँड वेसनने मात्र उलट दिशेने जाऊन, काडतुसाच्या कवचात पूर्णपणे आत बसवलेली वॅडकटर गोळीच चालावी म्हणून मॉडेल ५२ हे पिस्तूल घडवले.

एअर पिस्तुलाच्या छर्र्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, याची मला खंत वाटते. ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा छर्रा कमरेशी बारीक असतो. डोके सपाट आणि जड, मागे शिशाचा पातळ घेर. हवा त्या घेराला मागे ओढून धरते, त्यामुळे छर्रा केवळ फिरकीवर नव्हे, तर स्वतःच्या आकारामुळेही सरळ राहतो. १० मीटरवरील दहाचे कडे ११.५ मिलिमीटरचे असते आणि दशांश गुणांत प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा असतो. इतक्या बारीक मोजणीत घेराला पडलेला पोचा लपत नाही.

एका सुट्टीत मी पिस्तूल यांत्रिक पकडीत आवळून तीस छर्रे झाडले: दहा निर्दोष, दहा डोक्यावर ओरखडे काढलेले आणि दहा घेर नखाने किंचित दाबलेले. पहिल्या दोन्ही गटांची छिद्रे एकमेकांत मिसळून गेली आणि केवळ कागदाकडे पाहून कोणता गट कोणता, हे मला सांगता आले नसते. तिसऱ्या गटातील छर्रे नवाच्या कड्यात दोन्ही बाजूंना पसरले आणि त्यांपैकी एक तर आठात गेला. त्यानंतर डबा उघडला की मी प्रत्येक छर्रा उलटा धरून उजेडात त्याचा घेर पाहतो. गोल नसेल तो सरावालाही वापरत नाही.