आधी नाव सांगा, मग तपासू: रानातल्या गोचिडीतले जंतू ओळखण्याचा अनुभव

डीएनए वाचून देणाऱ्यांच्या त्या फॉर्मच्या आठव्या रकान्यावर साडेतीन आठवडे गेले. रकाना होता 'जीवाचं नाव', आणि बाजूला लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. गोचिडीच्या पोटात कोणता जंतू आहे हे कळावं म्हणून तर डीएनए वाचायला पाठवायचा, आणि पाठवण्याआधी त्याचं नाव लिहा म्हणे. बारशाला आलेल्या आत्याला दारातच बाळाचं नाव विचारण्यातला प्रकार. फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर, "सर, रकाना रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी लिहा." ते 'काहीतरी'च नडलं. पण आधी गोचीड हातात यायला हवी.

बडोद्याच्या आसपास ती मिळते. मही नदीच्या कोतरांत म्हणजे घळींत, शेतांच्या कडेच्या पडीक गवतात, रोझांच्या म्हणजे नीलगाईंच्या वाटांवर एक मीटर बाय एक मीटर पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून हळूहळू ओढायचं आणि दर दहा-पंधरा पावलांवर उलटून बघायचं. विश्वामित्रीच्या काठी हा उद्योग करू नये, तिथे मगरी आहेत. भरवाडांना, म्हणजे तिथल्या गुराख्यांना, 'गोचीड' कळत नाही, 'इतरडी' म्हणा, लगेच जागा दाखवतात. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती सर्वांत आधी मागा.

फडक्याला मुख्यतः हिमाफायसॅलिस आणि ऱ्हिपिसेफॅलस या वंशांच्या गोचिडींची पिल्लं लागतात. हायलोमा या तिसऱ्या वंशाचे प्रौढ फडक्यावर क्वचितच येतात, कारण ते गवताच्या टोकाला वाट बघत बसत नाहीत, जमिनीवरून सावजामागे धावतात. त्यांच्यासाठी भोकं पाडलेल्या डब्यात अर्धा किलो कोरडा बर्फ भरून तो पांढऱ्या कापडाच्या मधोमध ठेवायचा. बर्फातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ते जनावराचा श्वास समजतात.

हातमोजे आणि फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, पायजमा मोज्यांत खोचलेला. नखावर किंवा दगडाखाली गोचीड चिरडायची गावाकडची सवय इथे अजिबात नको. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळच्या साणंदकडे क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाची लागण पक्की झाली होती, ती याच हायलोमामुळे पसरणाऱ्या विषाणूची. तुम्ही शोधताय बॅक्टेरिया, पण गोचिडीला तुमचा विषय ठाऊक नसतो.

पकडलेली गोचीड सत्तर टक्के इथेनॉलमध्ये. चिरडण्याआधी पाठीचा आणि पोटाचा फोटो काढा: पाठीवरच्या ढालीची नक्षी, डोळे, तोंडाच्या तळाचा आकार. नंतर गोचिडीची जात कशावरून ठरवली असं कोणी विचारलं तर दाखवायला तेवढंच उरतं.

मग धुणं. नुसत्या इथेनॉलने अंगावरचे जंतू मरतात, पण त्यांचा डीएनए तिथेच राहतो आणि पुढे आतल्या जंतूंत मिसळतो. म्हणून एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट आणि नंतर निर्जंतुक पाण्याचे तीन हात. तिसऱ्या हाताचं पाणी फेकू नका, तेही एक नमुना म्हणून पुढे चालवा. त्यात शेवटी जेलवर डीएनएची पट्टी आली तर धुणं कच्चं राहिलंय. मग शोषकागदावर दहा-पंधरा मिनिटं वाळवा, कारण उरलेलं इथेनॉल पुढच्या विकराचं काम बिघडवतं.

गोचीड नुसती द्रावात टाकली तर रात्रभरानंतरही कवच तसंच असतं. ब्लेडने कापून, पोलादी मण्यांनी किंवा प्लॅस्टिकच्या मुसळीने ती चेचावी लागते. मग १८० मायक्रोलिटर विघटन द्राव, २० मायक्रोलिटर प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर), ५६ अंशांवर रात्रभर. त्यापुढे डीएनए काढायच्या किटच्या कागदावर जे लिहिलंय ते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त पिल्लू असेल तर शेवटी डीएनए १०० ऐवजी ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवा, आणि दर खेपेला एक नळी गोचिडीविना चालवा.

रक्त पिऊन टरारलेल्या मादीचा मोह सगळ्यांना होतो. मोठी दिसते, डीएनए भरपूर निघेल असं वाटतं. निघतोही, पण तो जनावराचा, आणि वर रक्तातलं हीम पीसीआरचा, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा कित्येक पटींनी वाढवणाऱ्या क्रियेचा, गळा धरतं. अशा नमुन्यात पट्टी आली नाही म्हणजे जंतू नाही असं समजू नका. दहापट पातळ करून पुन्हा लावा, मिश्रणात बीएसए (हीमसारखे अडथळे बांधून ठेवणारं प्रथिन) घाला, आणि मुख्य म्हणजे गोचिडीच्या स्वतःच्या मायटोकाँड्रियाचं १६एस, म्हणजे रायबोसोमच्या आरएनएचं जनुक, आधी लावून बघा. सुमारे ४६० बेसची (डीएनएच्या अक्षरांची) ती पट्टी आली तर डीएनए चालतोय, नाहीतर बाकी सगळ्या 'नाही' रद्द.

इथे शब्दांचा एक खड्डा आहे. गोचीडवाले '१६एस' म्हणतात तेव्हा त्यांना मायटोकाँड्रियातलं अपेक्षित असतं, बॅक्टेरियावाल्यांना बॅक्टेरियातलं. दुकानदाराकडे प्रायमर (पीसीआरला तुकड्याची दोन टोकं दाखवणारे छोटे डीएनए) मागवताना नुसतं '१६एस' लिहू नका, पूर्ण क्रम लिहा. आणि थायलेरिया, बबेसिया हे पशुवैद्यांच्या ओळखीचे जंतू यात शोधू नका. ते बॅक्टेरिया नव्हेत, त्यांचं १८एस लावावं लागतं.

आता तो रकाना.

'काहीतरी लिहा' म्हटल्यावर हाताशी एकच 'काहीतरी' होतं. आयएस-११११ या, जंतूच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमाच्या पीसीआरमध्ये ६८७ बेसची ठसठशीत पट्टी आली होती, आणि बहुतेक जुन्या कागदांत ही चाचणी कॉक्सिएला बर्नेटीची म्हणून दिलेली असते. म्हणून रकान्यात लिहिलं: कॉक्सिएला बर्नेटी. हा जंतू माणसाला क्यू-ताप आणतो आणि तिसऱ्या जोखीम गटात मोडतो. नाव वाचताच पलीकडच्या संगणकाने पार्सल अडवलं आणि जैवसुरक्षा समितीचं पत्र, सुरक्षित प्रयोगशाळेचा दाखला, निर्जंतुक केल्याचं हमीपत्र अशी यादी आली. पीसीआरमधून निघालेला, पस्तीस वेळा ९५ अंशांना उकडलेला, शुद्ध केलेला २० मायक्रोलिटर डीएनए, त्यात जिवंत काय असणार? पण फॉर्मला डीएनए आणि जंतू यांत फरक कळत नव्हता आणि फोनवरच्या माणसाला फॉर्म बदलता येत नव्हता. रोज उत्तर एकच, "सर, वर पाठवलंय." मधे पतंगांचं उत्तरायण आलं. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यात कुरियर कुठला चालणार, सगळं शहर गच्चीवर!

राग त्यांचा आला तरी चूक अर्धी लिहिणाऱ्याची. गोचिड्यांमध्ये कॉक्सिएलासारखे सहजीवी जंतू फार मोठ्या प्रमाणावर असतात. रक्तात बी जीवनसत्त्वं जवळपास नसतात, ती हे जंतू गोचिडीला बनवून देतात, आणि आईच्या अंडाशयातून पिल्लांत उतरतात. ते क्यू-तापाच्या जंतूचे चुलते आहेत, तोच जंतू नव्हे. आणि आयएस-११११ हा क्रम या सहजीवींतही सापडतो, हे २०१५ पासून छापील आहे. म्हणजे गोचिडीत ही पट्टी एकटी आली तर 'कॉक्सिएलाच्या घराण्यातलं कोणीतरी' एवढंच म्हणता येतं. गाईच्या दुधाच्या तपासणीत तिचा जो अर्थ, तो इथे नाही. घराण्यावरून माणूस ठरवायची घाई केली आणि फॉर्मने ती शब्दशः खरी मानली.

सुटका झाली ती कागद गोळा करून नव्हे, नाव मागे घेऊन. जुनी नोंद रद्द केली, नवी केली आणि आठव्या रकान्यात लिहिलं: 'पीसीआर उत्पादन, गोचिडीतील अज्ञात बॅक्टेरिया, जिवंत पेशी नाहीत'. संगणकाने निमूट घेतलं. पुढे क्रम सार्वजनिक जनुक-संग्रहात टाकताना दिसलं की तिथे 'असंवर्धित (म्हणजे प्रयोगशाळेत न वाढवलेला) बॅक्टेरिया' हे सरळ मान्य नाव आहे. गोळा केल्याची तारीख, देश आणि नमुना कशातून घेतला ते मात्र नीट लागतं. जगाच्या संग्रहाला अज्ञात चालतं, गल्लीतल्या फॉर्मला चालत नाही!

पार्सल सुटलं आणि चौथ्या दिवशी अहवाल आला: बॅक्टेरियाच्या १६एसचे सगळे नमुने 'फेल'. कारणाच्या जागी आडवी रेघ, पैसे पूर्ण. वाचनाचा आलेख मागवून घ्या, ते आपणहून पाठवत नाहीत. आलेखात पहिल्या चाळीसेक बेसनंतर प्रत्येक शिखराखाली दुसरं शिखर होतं. ही यंत्राची चूक नाही. एका गोचिडीत सहजीवी कॉक्सिएला आहे, कदाचित रिकेट्सिया हा दुसरा बॅक्टेरियाही, शिवाय कातडीवरचं चुकून राहिलेलं काही, आणि सार्वत्रिक प्रायमर सगळ्यांना एकदम उचलतात. सँगर पद्धत एका वेळी एकच क्रम वाचू शकते. दोन माणसं एकदम बोलली तर टंकलेखकाने काय लिहावं?

त्यामुळे कामाचा क्रम उलटा करा. आधी विशिष्ट जनुकं लावा: रिकेट्सियासाठी ग्लट-ए म्हणजे सायट्रेट सिंथेज, ४०१ बेसचा तुकडा, आणि ओम्प-ए (बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक), ५३२ बेसचा, ॲनाप्लाझ्मा-एहर्लिकिया या बॅक्टेरियांसाठी त्यांच्याच १६एसचा ३४५ बेसचा तुकडा. यांत सहसा एकच आवाज येतो आणि सँगर चालतं. गोचिडीतलं सगळं गणगोत हवं असेल तर १६एसचा छोटा तुकडा नव्या पिढीच्या यंत्रावर वाचून घ्या, तिथे प्रत्येक रेणू वेगळा वाचला जातो. पूर्ण १६एस सँगरला पाठवण्यात पैसे घालवू नका.

पीसीआर साधाच: २५ मायक्रोलिटरमध्ये १२.५ दुप्पट तीव्रतेचं तयार मिश्रण, १० पिकोमोलचे दोन्ही प्रायमर एकेक मायक्रोलिटर, डीएनए दोन, बाकी पाणी. ९५ अंशांना पाच मिनिटं, मग ३५ फेऱ्या. बॅक्टेरियाच्या सार्वत्रिक प्रायमरना त्याहून जास्त फेऱ्या दिल्या तर नुसत्या पाण्यातही पट्टी उगवते. पीसीआरचं विकर स्वतःच जीवाणूत बनवलेलं असतं, त्याच्याबरोबर थोडा डीएनए येतोच. किटमध्येही राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम असे पाण्यामातीतले जंतू असतात. गोचीड नसलेल्या नळीत जे नाव आलं ते गोचिडीच्या यादीतून बाद. मग ते कितीही नवलाचं असो.

वाचायला पाठवताना डीएनए दर मायक्रोलिटरला १० ते २० नॅनोग्रॅम, किमान २० मायक्रोलिटर, प्रायमर वेगळ्या नळीत, जेलचा फोटो सोबत. शुद्ध न करता पाठवलं तर उरलेले प्रायमर दोन्ही बाजूंनी वाचन सुरू करतात आणि पुन्हा तीच दुहेरी शिखरं. पार्सल सोमवारी टाका. शुक्रवारचं पार्सल बडोद्याच्या उन्हात गोदामात शनिवार-रविवार काढतं.

दोन्ही दिशांनी वाचायला सांगा. दुप्पट पैसे लागतात म्हणून लोक इथे काटकसर करतात, पण हिशोब बघा. रिकेट्सियाला ओळखीच्या जातीचं नाव द्यायचं तर ग्लट-एमध्ये ९९.९ टक्के आणि १६एसमध्ये ९९.८ टक्के साम्य हवं, हा २००३ सालचा निकष अजून वापरात आहे. ४०१ बेसमध्ये एक बेस चुकीचा वाचला की साम्य ९९.७५ वर येतं. म्हणजे एका धूसर शिखरामुळे ओळखीची जात 'नवी' ठरते. एवढ्या छोट्या तुकड्यावर जात ठरवूच नये. ओम्प-ए, ओम्प-बी मिळून जे सांगतील ते धरावं. आणि ब्लास्टमध्ये, म्हणजे आपला क्रम जनुक-संग्रहाशी जुळवणाऱ्या शोधात, सर्वांत वर आलेलं नाव म्हणजे निकाल नव्हे. तिथे कोणीतरी घाईत लिहिलेली नावंही असतात, आपल्या आठव्या रकान्यासारखी.

शेवटी तक्त्यात गोचिडीचा क्रमांक, जात, जनुक, लांबी, साम्य आणि जवळचा नातलग एवढं लिहिलं. नावाच्या रकान्यात बऱ्याच ओळींत 'रिकेट्सिया, जात अनिश्चित' आणि 'कॉक्सिएलासारखा सहजीवी' आहे. हा तक्ता तपासणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "नक्की नाव नाही का देता येणार, दादा?" नाही.

हो, एक राहिलं: नळीवर मार्करने लिहू नका. इथेनॉलचा एक थेंब सांडला की क्रमांक पुसतो आणि मग रोझाच्या वाटेवरची कोणती, गोठ्यातली कोणती, ते कोणतंच जनुक सांगत नाही. कागदाचा कपटा, त्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि जागा, आणि तो नळीच्या आत, गोचिडीबरोबर.