३० मीटर सुतळीचा देवमासा

आज दुपारी हॉलमध्ये निळी सोलापुरी चादर अंथरली आणि झाला समुद्र! ४ वर्षांची लेक आणि तिचा शेजारचा मित्र, दोघांनी कणकेचा ऑक्टोपस केला. आठ हात मोजून लावले. त्याला ३ हृदयं असतात म्हटल्यावर लेकीनं आणखी दोन शेंगदाणे मागून घेतले आणि आत खोचले.

संध्याकाळी सुतळी घेऊन गल्लीत उतरलो. मोठ्यात मोठा निळा देवमासा साधारण ३० मीटर लांब. एक टोक आमच्या फाटकाला, दुसरं थेट किराणा दुकानापाशी! त्याचं पिल्लू आईचं दूध पितं, हे ऐकून दोघं एकदम गप्प. मग लेक म्हणाली, "आई, तो आपल्या सिद्धेश्वर तलावात राहील का गं?"

दिवाळीच्या सुट्टीत तिला कोकणात न्यायचंच. खरा समुद्र बघू दे.