आईसाठी मागायचं नसतं

२ नोव्हेंबर, रात्री

परवाच्या कॉटेज मीटिंगपासून, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेपासून, एक वाक्य मनातून जात नाही. प्रार्थनेची माझी पाळी होती. आजारी माणसं, परीक्षेची मुलं, सगळी नावं घेतली आणि सवयीने तोंडून गेलं, "आणि प्रभू, आईला शांत झोप लागू दे." आमेन जरा उशिराच आलं. चहाच्या वेळी मावशी शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "गेलेल्यांसाठी मागायचं नसतं गं आपल्यात. आभार मानायचे."

ठाऊक आहे मला. आम्ही पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय, हे इब्री ९:२७ संडे स्कूलमध्ये पाठ म्हटलंय. मेलेल्यांच्या नावाने पैसे घेऊन क्षमापत्रं विकत होते, म्हणून १५१७ साली मार्टिन ल्यूथर चर्चविरुद्ध उभा राहिला, ते योग्यच होतं. आईचं तारण माझ्या मागण्यावर अडलेलं नाही, हा माझा विश्वास आहे. मग घरी येताना सात रस्त्यापर्यंत रडू का आवरलं नाही?

दोन वर्षं रोज तेच मागत होते. तिला रात्र रात्र डोळा लागत नसे. दादा तेव्हा... जाऊ दे, ते आज नको. शेवटी शेवटी तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं. आभार मानायचे म्हणजे तेही काढून घेतल्यासारखं वाटतं. माझ्याकडे मग राहिलं काय?

आज सकाळी वहिनीचा फोन आला. तिचं माहेर कॅथलिक, वसईचं. आज त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, सगळे कबरस्तानात, मेणबत्त्या, मिस्सा म्हणजे त्यांची उपासना. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आपल्यात ६६. त्या जास्तीच्या मक्काबींच्या पुस्तकात यहूदा नावाचा सेनापती लढाईत पडलेल्यांसाठी यरुशलेमेला अर्पण पाठवतो. मरणानंतर आत्मा शुद्ध होत जातो हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. तरी वहिनीचा हेवा वाटला. तिला आईचं नाव घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही.

जुन्या काळचे थोर ख्रिस्ती शिक्षक संत ऑगस्टिन, त्यांची आई मोनिका ३८७ साली परक्या गावी वारली. देह कुठेही पुरा, म्हणाली, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आणि आपल्याच ६६ पुस्तकांत प्रेषित पौल आपल्या सोबत्यासाठी, अनेसिफरासाठी, मागतो, त्या दिवशी, म्हणजे न्यायाच्या दिवशी, त्याला दया मिळो म्हणून. अनेसिफर तेव्हा हयात होता की नाही, यावर जाणती माणसंसुद्धा भांडतात. मावशींना हे सांगणार नाही. त्यांनी मायेनेच सांगितलं, आणि आई आजारी असताना रोज भाकरी त्यांच्याच घरून यायची.

आत्ता कपाट आवरताना स्मरणार्थ उपासनेची पत्रिका सापडली. मीच छापून आणलेली. "प्रभूमध्ये झोपी गेल्या" असं आपल्याच मंडळीच्या शब्दांत लिहिलंय. कितीदा वाचली होती, पण हा शब्द आज दिसला. मी तरी दुसरं काय मागत होते?

तिची चादर खालच्या कप्प्यात घडी घालून होती, पुलगमची सोलापुरी, कडेला विरलेली. काढली, अंगावर घेतली, दिवा मालवला. नावं घेत घेत दादापर्यंत आले. त्याच्यानंतर आईच येते.