गोधडीच का?

"रविवारी तिला परत गावी पाठवतोय. त्याआधी एकदा येऊन जा, म्हणजे मनाला रुखरुख राहणार नाही," ताई फोनवर म्हणाल्या. मी कुत्र्याच्या पिल्लांना शिकवायचं काम करतो. पिल्लू परत पाठवायचं ठरल्यावर आलेला फोन मी कधीच उद्यावर टाकत नाही. त्याच दुपारी गेलो.

जुलै महिना, सिंहगड रस्त्यावरचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. पिल्लू नऊ आठवड्यांचं, गावठी, तांबूस रंगाचं, नाव जिलबी. आठवड्यापूर्वी मी फोनवरच त्यांना नेहमीचं सगळं सांगितलं होतं. झोपून उठली की, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आणि खेळ थांबल्याबरोबर बाल्कनीत वर्तमानपत्रावर न्यायचं, शू झाली की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. एवढ्यावर बहुतेक पिल्लं महिना-दीड महिन्यात शिकतात. इथं मात्र एकही कागद ओला झाला नव्हता. ओली व्हायची ती आजींची गोधडी.

ती गोधडी आजींनी आईच्या लुगड्यांची शिवलेली. पावसाळ्यात एकदा धुतली की तीन दिवस वाळत नाही, आणि वाळून जमिनीवर अंथरली की तासाभरात जिलबी तिथं हजर. "बाकी एवढं घर पडलंय, हिला माझीच गोधडी दिसते. मी पहिल्या दिवशी नको म्हणाले होते ना, त्याचा राग काढतेय," आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चीड कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. घरातल्या दादांनी दोनदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला मारलं होतं. ज्या कागदावर तिनं बसावं अशी आपली अपेक्षा, त्याच कागदाचा मार. मी ते स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

आधी लघवीची तपासणी पाहिली. वारंवार शू करणाऱ्या पिल्लाला, त्यातून मादीला, संसर्ग नाही ना हे डॉक्टरांकडून कळल्याशिवाय मी शिकवायला बसत नाही. रिपोर्ट स्वच्छ होता. मग मी गोधडी उचलून ठेवायला सांगितली, पायपुसणं धुवायला गेलंच होतं, आणि हॉलच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलो.

जिलबीनं भाकरी-दूध खाल्लं. नवव्या मिनिटाला नाक जमिनीला लावून ती फिरू लागली. फरशीवर गोल फिरली, थांबली, पुढे गेली. कागदाच्या कडेपर्यंत जाऊन मागे वळली. पुन्हा फरशी. तिला लागली होती हे उघड होतं, पण ती धरून ठेवत होती. इतकं लहान पिल्लू जागेपणी, खाल्ल्यावर, एवढा वेळ धरून ठेवतं हे मी क्वचितच पाहिलंय. मग ती सरळ माझ्याकडे आली, जमिनीवर ठेवलेली माझी जाड कापडी पिशवी हुंगली, दोन पाय तिच्यावर ठेवले आणि बसली.

ताई ओरडत धावल्या. मी हातानंच त्यांना थांबवलं. पिशवी भिजली ती भिजली, पण माझ्याशी तर हिचा काहीच राग नव्हता!

ती घरी आल्यापासूनच्या तीन आठवड्यांत शू कुठं कुठं झाली ते मी सगळ्यांना आठवायला लावलं. गोधडी, पायपुसणं, खाली पडलेला टॉवेल, सोफ्याची लोंबती चादर. सगळं कापड. मग जिथून पिल्लू आणलं त्या नारायणगावकडच्या शेतावर फोन लावला. तिथल्या मावशींनी सहज सांगितलं, "पाऊस होता ना, गोठ्याच्या कोपऱ्यात फळ्या लावून कोंडली होती पिल्लं. खाली गोणपाटं. दीड महिना तिथंच."

तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू आपली झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शू करू लागतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत पायाखाली जे लागतं तेच त्याच्या मनात शी-शूची जागा म्हणून पक्कं होतं. बाजूला जायला जिलबीला जागाच नव्हती, जिकडे जावं तिकडे गोणपाट. पायाला जाड विणीचं काही लागलं की इथं करायची, हे ती शिकूनच आली होती. ते ती इमानानं पाळत होती. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा नियम आहे. जिलबी विकतची नव्हती, भाच्यानं दिलेली. पण पिल्लू कुठून आलं, तिथं पायाखाली काय होतं, हे मी पहिल्याच फोनवर विचारायला हवं होतं. आता हा माझा पहिला प्रश्न असतो.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून तागाचं पोतं आणलं. पिशवीवरची ओल फडक्यानं टिपून पोत्याला पुसली आणि ते बाल्कनीत अंथरलं. घरातलं जमिनीवरचं झाडून सगळं कापड उचललं. आधीच्या जागा पुसायला एन्झाइमचं क्लीनर मागवायला सांगितलं, कारण फिनाइलनं शूचा वास आपल्या नाकापुरता नाहीसा होतो, कुत्र्याच्या नाकाला येतच राहतो. संध्याकाळी ती झोपून उठल्याबरोबर आजींनीच तिला उचलून नेलं. पोत्यावर एक गिरकी, आणि झाली. आजी देवापुढचे बेदाणे द्यायला निघाल्या होत्या. ते मात्र मी घाईनं अडवले, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. भाकरीचा तुकडा दिला.

"म्हणजे माझ्यावर राग नव्हता हिचा?" आजींनी मला दोनदा विचारलं. मग जिलबीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. रविवारी गाडी गावी गेली नाही.

पुढचं काम चिकाटीचं होतं आणि ते आजींनी केलं. दर चार दिवसांनी पोत्याची एक घडी कमी, खाली माती भरलेला ट्रे. लसीकरण संपेपर्यंत तिला खाली न्यायचं नव्हतं, पिल्लांना जीवघेणे जुलाब करणारा पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. सोळाव्या आठवड्यातली लस झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा रुमालाएवढा राहिलेला पोत्याचा तुकडा घेऊन दोघी लिफ्टनं खाली जाऊ लागल्या. सोसायटीच्या भिंतीलगत, कडुलिंबाखाली.

ऑक्टोबरात आजींचा फोन आला. "आज तुकडा वरच विसरले हो. परत जाणार, तेवढ्यात हिनं मातीवरच केली."

गोधडी अजून कपाटातच आहे. दिवाळीनंतर काढू म्हणाल्या.