अंधारात आक्रसलेला तळहात

काल रात्री वीज गेली असताना भाचीसोबत केलेला एक साधा प्रयोग आज दिवसभर मनातून जात नाही, म्हणून लिहीत आहे. खोलीत मिट्ट काळोख होता. मी उजवा तळहात डोळ्यांसमोर लांब धरला आणि तिने मोबाइलचा फ्लॅश त्यावर एकदाच चमकवला. पुन्हा काळोख झाला तरी बोटे, अनामिकेतील अंगठी, मनगटावरचा दोरा असे सारे समोर फिकट उमटून राहिले. मग मी हात सावकाश चेहऱ्याजवळ आणला, तेव्हा ती प्रतिमा माझ्या देखत आक्रसत गेली. हात लांब नेला, तशी ती मोठी झाली.

विलक्षण गोष्ट ही, की दृष्टिपटलावरील ठसा तेवढाच होता. तेवढाच ठसा जवळच्या वस्तूचा असेल तर ती लहान आणि दूरच्या वस्तूचा असेल तर मोठी, असा हिशेब मेंदू करतो. नेत्रतज्ज्ञ एमिल एमर्ट यांनी १८८१ मध्ये मांडलेला नियम हाच. अंधारात अंतर सांगायला दुसरे काही नसते, म्हणून ते दंडाचे स्नायू, कोपराचा सांधा आणि हातामागोमाग वळणारे डोळे कळवतात. पाहणे हे एकट्या डोळ्यांचे काम आहे, असे मी आजवर खरोखरच मानत आले होते.

भाचीनेही स्वतःचा हात धरून पाहिला आणि, “मावशी, माझी बोटं बाळाची झाली!” म्हणाली.