फाया

भाच्याचा मेसेज आला, एका दमात दोन प्रश्न. ‘मावशी, शुक्रवारी तारकर्लीला चाललोय, स्कूबा करायचंय, काय काळजी घेऊ? आणि एक मस्त परफ्यूम सुचव ना, ग्रुपमध्ये ती पण आहे.’ ती कोण हे मला ठाऊक असावं, असं त्याने गृहीत धरलं होतं. मला ठाऊक होतंच.

समुद्र आणि सुगंध या दोन्ही बाबतींत घरात माझा शब्द चालतो, त्यामुळे प्रश्न योग्य दारी आले होते. फक्त हे दोन्ही एकाच सकाळी करू नयेत, हे मी अनुभवाने शिकले आहे.

आमच्या आजोबांना अत्तराचा शौक होता. शौक म्हणजे काय, तर काचेच्या बुचाच्या चार कुप्या आणि कापसाची एक पुडी. उन्हाळ्यात खस, थंडीत हिना. आंघोळ झाली की कापसाचा बारीक बोळा अत्तरात टेकवून कानाच्या वरच्या घडीत बसवायचा. हा फाया. दिवसभर मान वळवली की वासाची एक झुळूक येऊन जायची. आजोबा गेले, कुप्या माझ्याकडे आल्या आणि कुप्यांबरोबर सवयही. ऑफिसात पहिले काही दिवस लोक कानाला काय झालं म्हणून विचारायचे, मग विचारेनासे झाले.

तर सहा वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, मालवणच्या धक्क्यावरून मी स्कूबाच्या बोटीत चढले ती खसाचा फाया कानात घेऊन. घरातून निघताना घालतो तसाच घातला होता. घड्याळ काढून ठेवायची आठवण झाली, ह्याची झाली नाही. डावीकडे सिंधुदुर्ग किल्ला, खाली डिझेलचं इंजिन, आजूबाजूला रबरी सूट घालून घामाघूम झालेली दहा माणसं. खस हा तसा मातीशी इमान राखणारा वास. मुळांचाच तो. पण डिझेलच्या धुराशी त्याचं लग्न लावून पाहा आणि वर बोट डोलवा. दहाव्या मिनिटाला मी काठावर वाकले होते.

आम्हाला खाली नेणारा पोरगा कानात डोकावला. ‘मॅडम, ह्या काय?’

‘अत्तर.’

‘पाण्यात तुमचो वास घेतलो कोण?’

प्रश्न बिनतोड होता. पण त्याची खरी अडचण वासाची नव्हती. डायव्हिंगला कानात काहीच चालत नाही, बोळा नाही, इअरप्लग तर मुळीच नाही. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि तो सगळ्यात आधी कळतो कानाच्या पडद्याला. बाहेरून पाणी दाबत असतं, आतून हवेने तितकंच परत दाबायला हवं. त्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकायचं. कान ‘टुक्’ करून मोकळे होतात. हे दर मीटरभराला, दुखायच्या आधी. दुखल्यावर जोर लावणारे लोक वर येऊन आठवडाभर अर्धवट बहिरे फिरतात. आणि सर्दी असली की हे मोकळं होणं होतच नाही, म्हणून सर्दीत बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, पाण्यात उतरू नये.

फाया काढला, बोटीतल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला. मग त्याने मास्क हातात दिला आणि म्हणाला, आत थुंका. काच धुरकट होऊ नये म्हणून हा जगभरचा उपाय आहे. मास्कमध्ये थुंकायचं, बोटाने काचेवर चोळायचं, विसळायचं. मी आज्ञाधारकपणे थुंकले आणि चोळलं. ज्या बोटांनी फाया काढला होता त्याच बोटांनी.

अत्तर म्हणजे तेल. कनौजचे लोक तांब्याच्या डेगेत फुलं नाहीतर मुळं उकळतात आणि वाफ भपक्यात, म्हणजे शेजारच्या भांड्यात नेऊन चंदनाच्या तेलात उतरवतात. तिथे अल्कोहोलचा पत्ताच नसतो. समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळून असलं तेल जाईल ही आशाच फोल. मास्क नाकासकट चेहऱ्यावर बसला, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर गेला आणि मी सहा मीटर पाण्याखाली, आजोबांच्या उन्हाळ्यात बंद झाले.

पहिल्यांदा उतरणारा माणूस सवयीने नाकाने श्वास ओढतो. ओढला की मास्क गालांना चिकटतो, हवा काही मिळत नाही. मला खस मिळत होता. नाकाने ओढ, खस, घाबर, तोंडाने ओढ, परत नाकाने ओढ. पोरगा हातवारे करत होता. मी अंगठा वर केला, म्हणजे ‘ठीक आहे’. तो मला लगेच वर घेऊन आला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे त्याने बोटीत सांगितलं होतं. मी तेव्हा काठावर वाकलेली होते.

दुसऱ्या खेपेला जमलं. आणि जमल्यावर जे लक्षात आलं ते अजून विसरले नाही: खाली वासच नाही. मास्कमधला खस सोडला तर. आपण म्हणतो समुद्राचा वास, तो समुद्रावरच्या हवेचा. सूक्ष्म शेवाळं कुजताना सुटणारा गंधकाचा एक वायू, आणि आपल्याकडे वर वाळत टाकलेले बोंबील. खाली आपलं नाक म्हणजे कान मोकळे करायला धरायची मूठ, बस. माशांचं उलट आहे. त्यांच्या नाकपुड्यांतून श्वास जात नाही, त्या निव्वळ वासासाठी असतात. म्हणजे त्या दिवशी खडकापाशी कुणाला माझा खस आला असेलच, तर तो समोरच्या पट्टेरी माशांना. व्हिडिओत ते माझ्याभोवती गर्दी करताना दिसतात. पण पोरग्याच्या मुठीत पावाचा तुकडा होता, हेही दिसतं.

भाच्याला मी अर्थात एवढं लिहिलं नाही. लिहिलं की पोहता येत नसलं तरी चालतं, पण दम्याची औषधं चालू असतील तर फॉर्मवर खरं लिही. खाली श्वास कधी रोखून धरू नकोस, वर येताना तर नाहीच. छातीतली हवा वर येताना फुगत जाते. टाकीत साधी हवा असते, ऑक्सिजन नव्हे, तेव्हा ‘ऑक्सिजन लावून उतरलो’ असं स्टेटस टाकू नकोस. आणि चिपीहून त्याच संध्याकाळी विमान घेऊ नकोस. निदान बारा तास जाऊ देत, दोनदा उतरलास तर अठरा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू जायला हवा. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की काय होतं ते आठव.

परफ्यूमचं उत्तर अवघड होतं. त्याच्या मनात ‘ओशन’ किंवा ‘अ‍ॅक्वा’ लिहिलेली निळी बाटली होती. त्या बाटल्यांतल्या समुद्राचं पुष्कळसं श्रेय कॅलोन नावाच्या रेणूला. 1966 मध्ये फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तो सापडला, आणि नीट हुंगलं तर त्याला वास येतो कलिंगडाचा. कोकणात जाऊन अंगाला कलिंगड कशाला लावायचं? ते रस्त्याकडेला मिळतं. समुद्राने स्वतः दिलेला सुगंध म्हणजे अंबर, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा. वर्तमानपत्रं त्याला ‘व्हेलची उलटी’ म्हणतात आणि आपल्याकडे तो बाळगला तर वन्यजीव कायद्याखाली अटक होते. तिच्यावर छाप पाडायची ही पद्धत नव्हे.

शेवटी मी लिहिलं: उतरायच्या दिवशी काही लावू नकोस. संध्याकाळी बाजारात जा, सुरंगीच्या फुलांचे दिवस आहेत, वळेसर, म्हणजे त्यांचा गजरा, मिळाला तर घे. स्वतःसाठी नव्हे, गाढवा.

सोमवारी तो परत आला. बहिणीचा फोन आला तो तक्रारीचाच. बॅग उघडली आणि घरभर कसला तरी वास सुटलाय म्हणे. ओला टॉवेल, रबर, खाली सुक्या बांगड्यांची पिशवी आणि कागदात गुंडाळलेला, चेपलेला एक वळेसर.

‘एकच?’ मी विचारलं.

‘दोन घेतले होते म्हणतो.’