मिठाचं पोतं

१ मेला जोडून शनिवार-रविवार आला की बुडाल्याचा कॉल कुठून येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उजनीचं बॅकवॉटर, पंढरपूरची चंद्रभागा, हत्तरसंग-कुडलचा संगम, नाहीतर औज बंधाऱ्याचा पट्टा. मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे, ड्यूटी दक्षिण सोलापूर तालुक्यात. एरवी बाळंतपणं आणि मोटारसायकली. १०८ फिरवला की फोन पुण्याला लागतो, त्यामुळे 'आमच्या चिंचेखाली या' म्हणून भागत नाही. गाव, तालुका, जवळची शाळा किंवा देऊळ सांगावं लागतं. रडणाऱ्या माणसाला ते सुचत नाही, म्हणून फोन दुसऱ्या कुणीतरी करावा.

उन्हाळ्यात आमच्याकडची भीमा म्हणजे नुसतं कोरडं पात्र. मग सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात आणि ते औजच्या बंधाऱ्यात अडवतात. कालपरवापर्यंत जिथं ट्रॅक्टर फिरत होते तिथं एकदम पाणी. वाळू उपसलेले खड्डे त्याच्याखाली झाकले जातात. माणूस घोट्याएवढ्या पाण्यात चालत असतो आणि पुढचं पाऊल दोन पुरुष खोल. गावातल्या पोरांना खड्डे पाठ असतात, पाहुण्यांना नसतात. वाळू कोण उपसतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि मयताला तीच माणसं पुढं असतात. असो.

त्या शनिवारी नदीकाठी एका घरचं जावळ होतं. बोकड पडला होता, जेवणं उरकली होती. १ मेला ड्राय डे, त्यामुळे गडीमाणसांनी साठा आदल्याच दिवशी करून ठेवलेला. पोरांवर लक्ष ठेवायचं काम, विचाराल तर, सगळ्यांचंच होतं.

आम्ही एका बाळंतिणीला सोडून परत येत होतो, रिकामी गाडी जवळच होती, म्हणून काही मिनिटांत पोचलो. बेसहून, म्हणजे गाडी एरवी उभी असते तिथून, निघालो असतो तर हे लिहायला काही उरलं नसतं.

पोरगं अकरा वर्षांचं, पुण्याहून आलेलं. त्याची मावशी काठावरच, हाकेच्या अंतरावर. तिनं त्याला खड्ड्यात बघितलं होतं, पण तिला वाटलं डुबक्या मारतोय. बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि त्याची तर श्वासासाठीच धडपड चाललेली असते. तोंड वर येतं, खाली जातं, हात पाण्यावर दाबल्यासारखे हलतात. लांबून खेळच वाटतो.

एक काका उडी मारून गेले आणि स्वतःच गटांगळ्या खायला लागले. दोघांनाही बाहेर काढलं ते मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर मामांनी. पाण्यात पाय न घालता. बाभळीचा पाला पाडायची लांब आकडी त्यांच्या हातात होती. ती पोराच्या शर्टात अडकवून त्यांनी ओढलं, मग तीच काकांपुढं धरली. अख्ख्या नदीकाठावर शहाणपणाचं काम तेवढंच झालं, आणि ते केलेल्या माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आम्ही उतरलो तेव्हा पोराचे मामा त्याला खांद्यावर उलटं टाकून गोल फिरवत होते. भोवती लोक 'पाणी काढा, पोटातलं पाणी काढा' म्हणत होते. एकजण मोटारसायकलवर खडेमिठाची पोती आणायला गेला होता. बुडालेल्याला मिठात पुरलं की मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं आणि माणूस उठतो, हे सगळ्यांनी मोबाईलवर वाचलेलं. माझ्या पायलटनं, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनं, मामांच्या खांद्यावरून पोराला अक्षरशः हिसकावून घेतलं.

ओठ निळे. नाडी होती, पण चाळिसाच्या आसपास. मधूनच माशासारखा आ वासत होता. याला लोक श्वास समजतात. तो श्वास नाही. तोंडाला फेस. नवा माणूस असला की तो फेस पुसत बसतो आणि त्यात वेळ जातो, कारण फेस येतच राहतो. पुसायचा नाही, वरून मास्क घट्ट बसवायचा आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायचा. बुडालेल्याचं हृदय हवेवाचून मंद होतं, म्हणून आधी हवा. पाच श्वास दिले, दर वेळी छाती वर येतेय का बघत. पोराची नाडी साठाच्या खाली राहिली तर छातीही दाबावी लागते, त्यामुळे पायलट हात टेकवून तयार होता. गरज पडली नाही. नाडी चढली, ओठांचा रंग बदलला आणि पोरानं भडाभडा उलटी केली. कुशीवर वळवलं, सक्शन लावलं. बाहेर पाणी थोडंच आलं. बाकी सगळा मटणाचा रस्सा.

मला राग येतो तो इथं. पोट दाबून किंवा उलटं करून फुफ्फुसातलं पाणी निघत नाही. निघतं ते जेवण, आणि बेशुद्ध माणसाच्या घशातून ते फुफ्फुसात उतरतं. शिवाय तेवढा वेळ हवा मिळत नाही ती नाहीच. नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास देणं काठावर कुणालाही जमलं असतं.

गाडीत पोरानं आईला ओळखलं. लगेच मागणी आली, 'मॅडम, बरा झालाय की, घरीच सोडा.' मी ऐकलं नाही. शुद्धीवर आलेलासुद्धा सहा-आठ तास नजरेखाली हवा, कारण फुफ्फुसं नंतर दगा देतात. तसंच झालं. रात्री पोराला धाप लागली, ऑक्सिजन वाढवावा लागला, एक्स-रेत डाग आले. तीन-चार दिवसांनी घरी गेला. आता ठीक आहे.

एवढ्यावर मी सुखानं झोपायला हवं. पण त्या दिवसाचा व्हिडिओ तालुकाभर फिरतोय. त्यात मामा पोराला गरगर फिरवतायत, पोराची मान लोंबकळतेय, मग कट, आणि दवाखान्यात पोरगं बिस्किट खातंय. खाली लिहिलंय, 'मामांच्या प्रसंगावधानानं भाचा वाचला.' आमची गाडी नाही, फुगा नाही. कोपऱ्यात आकडीचं टोक तेवढं दिसतं. मी मामांना फोन केला. चांगला माणूस आहे, पोरासाठी जीव टाकेल. म्हणाले, 'तुम्हीबी केलंच की मॅडम, पण सुरुवात म्या केलती.' यावर काय बोलणार? पोरगं जिवंत आहे, यापेक्षा मोठा पुरावा त्यांना कशाला हवा? मेलं असतं तर कदाचित लोकांनी माझं ऐकलं असतं, असा विचार येतो आणि माझीच मला लाज वाटते.

गावातल्या आशाताईंचा परवा फोन आला. पुढच्या सुट्टीआधी नदीकाठी बचावाचं सामान ठेवायचं ठरलंय, यादी सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, लांब बांबू त्याला आकडा बसवून, ट्रकची हवा भरलेली ट्यूब आणि तिला दोरी, खड्ड्यांपाशी लाल झेंडे, आणि गाव-तालुका मोठ्या अक्षरात लिहिलेला फलक. त्यांनी सगळं उतरवून घेतलं. मग जरा थांबून म्हणाल्या, 'आणि मीठ किती किलो लिहू? दुकानदार फुकट देतोय, लोक ऐकंनात.'

म्हटलं, ठेवा एक पोतं, पण देवळाच्या आत, कडीकुलपात. बांबू पाण्याजवळ. किल्ली तुमच्याकडं राहू द्या, आणि कुणी मागितली तर तासभर सापडू नका.